सहा पंखे, उजेड नाही

सभेत तिसरा पंखा जाहीर झाला, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

"लिहा की मॅडम," माने सर हळूच म्हणाले. माने सर आमचे मुख्याध्यापक. "टाळ्या वाजल्या, आता लिहून घ्या."

"सर, आजचा विषय काय आहे?"

"वायरिंग."

"आणि आलं काय?"

"पंखे." सरांनी घड्याळाकडे बघितलं. "येतंय ते येऊ द्या. पुढचं पुढं बघू की."

माने सरांची रिटायरमेंट जवळ आलेली. त्यांना कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे, आणि माझं तोंड मुळात जरा फटकळ आहे. त्यामुळे त्या वर्षी वाकडं घ्यायचं सगळं काम माझ्याकडे आलं.

ज्यांनी शाळेत नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. प्रत्येक शाळेत एक पालक-शिक्षक संघ असतो. मुख्याध्यापक अध्यक्ष. पालकांपैकी कुणीतरी वजनदार माणूस उपाध्यक्ष. आणि एक शिक्षक सचिव. अध्यक्ष भाषण करतात, उपाध्यक्ष हार घालून घेतात, आणि उरलेलं सगळं सचिव करतो. सभेची नोटीस काढणं, खुर्च्या मांडायला लावणं, चहा सांगणं, कोण काय बोललं ते लिहिणं, वर्गणी मागणं, वर्गणी दिली नाही त्यांची समजूत काढणं. गणित आणि विज्ञान शिकवून झालं की उरलेल्या वेळात. त्याचा पगार वेगळा मिळत नाही, हेही सांगून ठेवते, कारण आमच्या शेजारच्या काकूंना अजून वाटतं की मिळतो.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. निम्मे पालक चादरी-टॉवेलच्या कारखान्यात, निम्म्या आया घरी विड्या वळणाऱ्या. घर म्हणजे एक खोली, फार तर दोन. दहावीच्या पोरींना संध्याकाळी पुस्तक उघडायला जागा नाही. म्हणून त्या वर्षी मी ठरवलं, शाळेतच अभ्यासिका काढायची. संध्याकाळी सहा ते आठ. मी थांबणार, आणखी दोन शिक्षिका आलटून-पालटून थांबणार.

जागा होती. खालचे सगळे वर्ग संस्थेने संध्याकाळी एका टायपिंग क्लासला दिलेले, त्यामुळे तिथे हात लावायची सोय नव्हती. पण वर चित्रकलेचा जुना वर्ग होता, लांबलचक, मोठ्या खिडक्यांचा. अडचण एकच. मागच्या पावसाळ्यात गच्ची गळून वरच्या मजल्याचं वायरिंग गेलं होतं. दिवसा खिडक्यांवर भागायचं. संध्याकाळी सहाला तिथं गुडुप अंधार.

शाळेचे वायरमन सलीमभाई. त्यांनी बघून सांगितलं होतं, "मॅडम, इसमें अब जान नहीं रही. खाली के बोर्ड से ऊपर तक नई वायर खींचनी पडती. फिर जो चाहे लगाओ."

म्हणजे आधी वायर. मग दिवे, मग पंखे. हे सातवीच्या पोरालाही कळतं. मी शिकवते ना त्यांना.

आता अंबिकाचं सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले ते कळेल.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात तिची आई स्टाफरूमच्या दारात आली. नागमणीबाई. नवरा टॉवेलच्या मागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. ही घरात विड्या वळते. अंबिका थोरली, दहावीत. बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत, उभ्यानेच बोलल्या.

"मॅडम, खरं सांगते, राग मानू नका. संध्याकाळी पोरगी घरात दिसली की मी तिला विड्यांच्या सुपाशी बसवते. बसवावंच लागतंय. एकटीच्या हातानं माझा माल पुरा होत न्हाय. मी हिकडं मरतीय अन् ही पुस्तक धरून बसलीय, हे मला बघवत बी न्हाय. पण डोळ्यापुढं नसली तर कुणाला बसवू? तुमी हितंच ठेवून घ्या तिला. आठला मी येऊन नेते."

"आणि नापास झाली तर?"

"मग काय. तिचे वडील म्हणतेत, नापास झाली की शाळा बंद. सूप हायच घरात."

इतकं सरळ मला आजवर कुठल्याच पालकाने सांगितलेलं नाही. मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. म्हटलं, गणपती झाले की सुरू करते. अशा दहा-बारा मुली होत्या, पण शब्द मी हिच्या आईला दिला होता, त्यामुळे खोली बंद राहिली की मला अंबिकाच दिसायची.

तर जुलैच्या सभेत मी विषय मांडला. वायरिंग. उपाध्यक्ष होते गाजुल शेठ. त्यांचा टॉवेलचा कारखाना, मुलगी आमच्याकडे पाचवीत. माणूस दिलदार. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अभ्यासिकेला माझ्याकडून एक पंखा!"

टाळ्या. मला वाटलं, ही सुरुवात आहे. सुरुवातच होती. ऑगस्टमध्ये किराणा दुकानवाल्या पालकांनी दुसरा पंखा दिला. सप्टेंबरमध्ये तिसरा. गणपती गेले. दसऱ्यापर्यंत सहा पंखे झाले. खोक्यातले सहा पंखे माझ्या स्टाफरूममधल्या कपाटावर रचून ठेवलेले, आणि खोलीत वायरीचा पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, पंखाच का? कधी देवळात किंवा मंगल कार्यालयात मान वर करून बघा. पंख्याच्या पात्यावर लाल रंगात नाव असतं. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्या परिवाराकडून. आमच्याकडे दान असं दिसलं पाहिजे. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याची टाकी, बाकडं. ज्यावर रंगाने नाव घालता येतं ते सगळं मिळतं, न मागता मिळतं. आमच्या व्हरांड्यात चार घड्याळं आहेत आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवतात, कारण सेलवर नाव घालता येत नाही.

मी शेवटी गाजुल शेठना गाठलंच. कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं.

"शेठ, पंखा नको. त्याऐवजी वायरिंग द्या!"

"काय?"

"वायरिंग!"

त्यांनी मला ऑफिसात नेलं, दार लावलं, चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, वायर जाते भिंतीत. भिंतीत आमच्या नानांचं नाव कोण वाचणार?"

मी काही बोलायच्या आत ते पुढं सांगायला लागले. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या मागावर राबले. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, आणि वाऱ्यानं धागा तुटतो म्हणून मालक पंखा लावू द्यायचा नाही. "नाना घरी यायचे तेव्हा बनियन पिळून वाळत घालायचे," शेठ म्हणाले. "म्हणून मी नवस केल्यासारखं ठरवलंय. जिथं द्यायचं तिथं पंखा द्यायचा. नानांच्या नावाचा."

राग चहाबरोबर गिळला आणि परत आले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मग म्हटलं, जाऊ दे. आपणच पैसे उभे करू. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही आनंद मेळावा ठेवला. पोरांनी आणि आयांनी खाण्याचे स्टॉल लावायचे, विक्रीचा पैसा वायरिंगला. ही कल्पना सगळ्यांना आवडली. इतकी आवडली की कुणी कुणाला न विचारता कामाला लागलं. मी बारा आयांना म्हटलं होतं, जे चांगलं येतं ते करा. मेळाव्याच्या सकाळी टेबलांवरची फडकी निघाली आणि बारापैकी नऊ टेबलांवर शेंगा चटणी आणि कडक भाकरी! सोलापुरात सोलापूरकरांना शेंगा चटणी विकायची! मी कपाळाला हात लावला.

"आवो मॅडम, चांगलं येतंय तेच करा म्हनला की तुमी," एकीने मला ऐकवलं.

पण पोरींनी दिवस सावरला. अंबिका आणि तिच्या मैत्रिणींनी पुड्या बांधल्या, गेटबाहेर उभ्या राहिल्या, टायपिंग क्लासला आलेल्यांना गाठून गाठून विकल्या. संध्याकाळी सगळी चटणी संपली. वायरिंगचं सामान येईल एवढे पैसे जमले. मजुरी मी सलीमभाईंना हप्त्याने देणार होते, ते तयार होते. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दिवाळीनंतरच्या सभेत माने सर म्हणाले, "एक विषय राहिलाय. सहा दात्यांचा सत्कार."

मी म्हटलं, "गुलाबाचं फूल देऊ. झालं."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काय मी शिवी दिली.

"मॅडम," किराणा दुकानवाले म्हणाले, "आमी पंखा दिलाय. फूल?"

मग मंडप आला. स्पीकर आला. शाली, नारळ, फेटे, प्रमुख पाहुण्यांची गाडी, अल्पोपाहार. पंख्यांवर नावं घालायला पेंटर आला. हे सगळं कशातून? तर मेळाव्याच्या पैशातून. मी हात वर करून विरोध केला. माने सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दात्यांना सांभाळायला नको का? नाही सांभाळलं तर पुढच्या वर्षी कोण देईल?"

"काय देतील सर? पंखेच देतील ना?"

ठराव मंजूर झाला. विरोधी मत एक. तेही मीच लिहून घेतलं. पोरींनी गेटवर उभं राहून चटणी विकली होती, ती शाली आणायला! मला त्या दिवशी घरी जाऊन रडू आलं, आणि रडू आलं याचा पुन्हा राग आला.

सहामाहीचे पेपर तपासले तेव्हा अंबिकाला गणितात पासापुरतेही गुण नव्हते. वर्गात ती चक्क डुलक्या काढायची. वही जवळ घेतली की तंबाखूचा वास यायचा. मी तिला रागावले.

ती म्हणाली, "मॅडम, खोली कधी उघडणार?"

मी तिला नंतर रागावले नाही.

शाळा सुटल्यावर मी तिला स्टाफरूममध्ये बसवून बघितलं. शिपाई सहाला कुलूप घेऊन उभा. माने सर म्हणाले, "एकट्या मुलीला थांबवू नका, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" मी तिला माझ्या घरी ये म्हटलं, तर घर पडलं विजापूर रोडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिची आई पाठवेना. बरोबरच होतं तिचं.

नोव्हेंबरच्या शेवटी सत्काराचा कार्यक्रम झाला. त्याआधी आयांनी श्रमदान करून खोली घासूनपुसून, चुना मारून लख्ख केली होती. बापलोक चुना वाळल्यावर फोटोला आले. सहा पंखे लागले. सहाही वायरीविना.

आता कार्यक्रमात पंखा तर फिरला पाहिजे. म्हणून खालच्या टायपिंग क्लासच्या बोर्डातून लांब वायर जोडून जिन्यातून वर आणली. निदान शेठच्या पंख्यापुरती. मी म्हटलं, वर दोन हॅलोजन, स्पीकर आणि पंखा, हे सगळं एका वायरीवर चालणार नाही. एका वायरीतून किती वीज जावी याला मर्यादा असते. त्याला लोड म्हणतात. लोड वाढला की बोर्डातलं बटण आपणहून खाली पडतं, नाहीतर वायर पेटेल. सलीमभाईंनीही हेच सांगितलं. पण पेंटरचा रंग वाळला होता आणि पाहुणे आले होते. आमचं कोण ऐकतो?

शेठनी बटण दाबलं. पंखा फिरला. टाळ्या झाल्या. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, एकदा वर बघा," आणि सगळे वर बघत असताना खालच्या बोर्डातलं बटण पडलं. वरचे दिवे गेले, स्पीकर गेला, आणि खालचा अख्खा टायपिंग क्लास अंधारात गेला. कुणाची तरी परीक्षा चालू होती. क्लासचे सर जिन्यातून ओरडत वर आले. फेटे बांधलेले सहा दाते, हातात नारळ, आणि त्यांच्यासमोर हा माणूस मोबाईलचा टॉर्च तोंडावर मारून विचारतोय, "कुणी लावली ही वायर? कुणी?"

त्या गोंधळात माझ्या कोपराला कुणीतरी हात लावला. नागमणीबाई. केसात अबोलीचा गजरा, ठेवणीतली साडी. शेजारी अंबिका, दप्तर घेऊन. हो, दप्तर घेऊन आली होती ती.

"मॅडम, मग उद्यापासून पाठवू का?"

"नाही हो. लाईट नाही अजून."

"मग आज कशाचा कार्यक्रम झाला?"

मी म्हटलं, "सत्कार झाला."

त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मुलीला घेऊन अंधारात जिना उतरल्या.

मला वाटलं, आता तरी शेठना काही वाटेल. वाटलं ना! दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन.

"मॅडम, फोटोत पंखा बंद आलाय. नानांचं नाव घालून बंद पंखा? लोक काय म्हणतील? मी माझा इलेक्ट्रिशियन पाठवतो. वायर मी टाकतो."

मी फोनवरच त्यांना नमस्कार केला. सुटले म्हटलं!

कसली सुटते. इलेक्ट्रिशियन आला आणि मेन बोर्डापासून वर एक वायर टाकून गेला. फक्त शेठच्या पंख्याला. दुसऱ्या कशालाच नाही. संध्याकाळी शेठ स्वतः येऊन बटण दाबून गेले. मग किराणा दुकानवाल्यांना कळलं, की शेठचा फिरतोय आणि आपला लटकतोय. त्यांनी त्यांचा माणूस पाठवला. त्यांची वेगळी वायर. मग तिसरे. डिसेंबर संपेपर्यंत त्या भिंतीवरून सहा घरांच्या सहा वायरी गेल्या होत्या. एकाने दुसऱ्याच्या वायरीतून वीज घेतली नाही. सलीमभाईंनी भिंतीवरच्या वायरी बोटाने एक-एक मोजल्या.

"मॅडम, इतने पैसों में तो पूरी बिल्डिंग का वायरिंग हो जाता था," ते म्हणाले.

"मला नका सांगू सलीमभाई. मी पाया पडून सांगून थकले."

आणि दिवे? दिवा कुणीच दिला नव्हता. दिव्यावर नाव कुठं घालणार? थंडीचे दिवस, खोलीत सहा पंखे भणाणतायत, आणि हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत अशी आमची अभ्यासिका. तोवर नवीन वर्ष लागलं. बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मग मी सरळ बोलायचं सोडलं. संध्याकाळी गाजुल शेठना फोन केला. "शेठ, जरा येऊन जाता का? अडचण आहे."

ते आले. मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं.

"वर बघा. काय दिसतंय?"

"काय न्हाय."

"मुली इथं संध्याकाळी येणार. सहा ते आठ. दिवसा या खोलीत कुणीच बसत नाही. मग नानांचं नाव वाचणार कोण?"

शेठनी मोबाईलचा टॉर्च वर मारून नानांचा पंखा शोधला.

"हे मला आधी का न्हाय सांगितलं?" ते म्हणाले.

जुलैपासून सांगतेय, असं अगदी ओठावर आलं होतं. पण नाही बोलले. नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर तेवढं कळतं.

दोन दिवसांत शेठच्या पंख्याशेजारी लख्ख ट्यूब लागली. बाकीच्या पाच जणांना मी काही म्हणजे काही सांगितलं नाही. आठवड्यात सहा ट्यूबा झाल्या. त्या लावल्याही पंख्यांच्या वर, छताला चिकटून, म्हणजे उजेड नीट पात्यांवर पडावा. त्यामुळे पंखा चालू केला की पात्यांच्या सावल्या पुस्तकावर थडथड उडायच्या आणि डोकं दुखायचं. मुलींनी पहिल्याच दिवशी पंखे बंद केले आणि अभ्यासाला बसल्या. तशीही थंडीच होती.

संक्रांत होऊन गेली होती. गणपतीनंतर सुरू करते म्हटलं होतं मी.

शेठ एकदा बघायला आले. मला धाकधूक, पंखे बंद बघून आता काय म्हणतात. ते मान वर करून उभे राहिले. एका पात्यावर 'कै. मल्लय्या गाजुल', दुसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ', तिसऱ्यावर 'गाजुल परिवार'. फिरत्या पंख्यावरचं नाव कधी वाचता येतं का? ते शेठनाही तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसलं असणार. त्यांनी डोळे पुसले. "बंदच राहू द्या," म्हणाले. "छान दिसतंय."

अंबिका रोज यायची. आठला आई जिन्याखाली उभी असायची. पोरीने जीव तोडून केलं. पण वर्षाचं गणित महिन्यात होत नाही, हे मला तिच्याहून जास्त माहीत होतं. मेमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास. गणितात नापास.

तिचे वडील शाळेत निकाल घ्यायला आले नाहीत. नागमणीबाई आल्या. मी म्हटलं, "पुरवणी परीक्षा असते. जूनच्या शेवटी. एकच विषय आहे. माझ्याकडे पाठवा, मी सुट्टीत येते."

"तिचे वडील म्हणतेत, ठरलं होतं ते ठरलं."

"तुम्ही काय म्हणता?"

बाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "दिवसभर ठेवून घ्या. सुपाचं माझं मी बघते. त्यांचं बी बघते."

सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको. सकाळी दहाला वरच्या मजल्याच्या भिंती भाजायच्या. शाळा रिकामी. त्या लांबलचक खोलीत एक टेबल, अंबिका आणि मी. दिवसा उजेड खिडक्यांतून भरपूर, ट्यूबा लागायच्या नाहीत. आणि मग आम्ही पंखे लावले. सहाच्या सहा. मल्लय्या नाना आणि बाकी पाच घरांचे आजे-पणजे एकट्या अंबिकाला वारा घालत होते, आणि ती समीकरणं सोडवत होती. वारा खरंच सुरेख यायचा. तो अंगावर घेताना माझा मात्र संताप संताप व्हायचा. वायर आधी पडली असती तर ही पोरगी मे महिन्यात इथं बसलीच नसती.

ती पास झाली. काठावर नाही, चांगली पास झाली. अकरावीला उशिरा का होईना, प्रवेश मिळाला.

ऑगस्टमध्ये संघाची नवीन वर्षाची सभा झाली. गाजुल शेठ भाषणाला उभे राहिले. अभ्यासिकेचं यश वगैरे झालं आणि म्हणाले, "आपल्या पंख्याखाली बसून पोरगी पास झाली. दान कारणी लागलं!"

टाळ्या पडल्या. माने सरांनी पण वाजवल्या. मी खाली मान घालून लिहीत होते. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून नागमणीबाई उठल्या. धाकटी आठवीत आहे त्यांची, म्हणून आल्या होत्या.

"शेठ, पंख्याखाली पास झाली, खरं हाय. लई उपकार तुमचे. पर त्याच्या आधी अंधारात नापास झाली, ते बी सांगा की."

टाळ्या थांबल्या. शेठनी माईक खाली घेतला. मग म्हणाले, "बरोबर हाय, ताई," आणि बसले. माणूस वाईट नाही, ते मी म्हटलंच आहे.

उपाध्यक्षाच्या निवडीला मी लगेच उठून नागमणीबाईंचं नाव सुचवलं. त्या नको नको म्हणत राहिल्या. अनुमोदन शेठनी दिलं.

आता नागमणीबाई उपाध्यक्ष आहेत. सभेला त्या विड्या वळायचं काम अर्धं टाकून आलेल्या असतात, त्यामुळे त्यांना घाई असते. दाता उभा राहिला की त्या एवढंच विचारतात, "हे दिल्यावर पोरं उद्यापासून बसतील का?" नाही म्हटलं की पुढचा विषय. आमच्या सभा आता अर्ध्या तासात संपतात.